कधी ग्रेड ५ पुरत नाही, कधी ०० वरही भिंत कोरी: निगेटिव्ह आणि पेपर जुळत नसेल तर

घरी ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्मच्या निगेटिव्हवरून पेपरवर प्रिंट काढणाऱ्यांना हा प्रॉब्लेम वर्षातून दोनदा येतो, फक्त उलटा होऊन. पावसाळ्यात कोणीतरी विचारतं की ५ चा फिल्टर (सगळ्यात हार्ड, म्हणजे जास्तीत जास्त कॉन्ट्रास्टचा) लावला तरी प्रिंट राखाडीच येतेय, काळं धड काळं नाही की पांढरं धड पांढरं नाही, आणि मे महिन्यात तोच माणूस सांगतो की ०० (सगळ्यात सॉफ्ट) लावून पण चर्चची भिंत कोरी आणि दारात उभा असलेला माणूस म्हणजे नुसता काळा ठिपका. मग पेपर बदलून बघतात, मग डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारं रसायन), मग कोणी सांगितलं म्हणून फिल्मचा ब्रँडच बदलतात, आणि पुढच्या सीझनला परत तिथेच. गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत ज्यांनी ज्यांनी घरच्या न्हाणीत नाहीतर जिन्याखालच्या खोलीत एन्लार्जर (निगेटिव्हमधून उजेड टाकून पेपरवर मोठी प्रतिमा पाडणारं यंत्र) मांडलाय त्या बहुतेकांचं हेच रडगाणं आहे, त्यामुळे प्रत्येकाला तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतोय. लांबलंय, पण मधली टेस्ट वगळू नका, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

आधी जुळलं म्हणजे काय ते ठरवू. साध्या उजेडात काढलेली निगेटिव्ह, म्हणजे ऊन आहे पण सावलीतलं पण दिसतंय अशी, ती ग्रेड २ किंवा अडीचवर फार डॉजिंग-बर्निंग (छापताना काही भागांवरचा उजेड अडवणं किंवा वाढवणं) न करता चांगली प्रिंट देत असेल तर जुळलं. २ च का, तर मल्टिग्रेड पेपरचे (ज्याचा कॉन्ट्रास्ट फिल्टरने बदलतो) फिल्टर ०० पासून ५ पर्यंत असतात, अर्ध्या अर्ध्या ग्रेडने धरले तर १२, आणि मधोमध राहिलं की दोन्हीकडे सरकायला जागा उरते. सगळ्या निगेटिव्ह ४ वर छापणारे लोक आहेत, चालतं त्यांचं, पण ढगाळ हवेतली फ्रेम समोर आली की वर जायला शिडीच संपलेली असते, शिवाय इलफोर्डच्या फिल्टरमध्ये ४ पासून पुढे एक्स्पोजर दुप्पट लागतं आणि धूळ, ओरखडे, ग्रेन सगळं ठसठशीत उठून दिसतं ते वेगळंच.

आकड्यात हवं असेल त्यांच्यासाठी: ग्रेड २ साधारण आर ११० (पेपरच्या पल्ल्याचं माप) म्हणजे लॉगमध्ये १.१० इतका पल्ला झेलतो (लॉगमध्ये ०.३० म्हणजे एक स्टॉप, उजेड दुप्पट किंवा निम्मा), ग्रेड १ साधारण १३०, ग्रेड ३ साधारण ९०, आणि ५ जेमतेम ४०. निगेटिव्हमधल्या कामाच्या सगळ्यात पातळ (सावलीच्या) आणि सगळ्यात घट्ट (उजळ वस्तूच्या, निगेटिव्हवर काळ्या दिसणाऱ्या) भागातला फरक त्या पल्ल्यात बसला पाहिजे, एवढंच गणित. एन्लार्जरला डिफ्यूजन हेड (उजेड पसरवून टाकणारं) असेल तर तो फरक १.०५ च्या आसपास चालतो, कंडेन्सर (भिंगांनी उजेड सरळ टाकणारा) असेल तर ०.८० च्या आसपास, कारण कंडेन्सरचा सरळ येणारा उजेड चांदीच्या कणांवर आपटून विखुरतो आणि घट्ट भाग आहे त्यापेक्षा जास्त घट्ट वागतो. याला कॅलिअर इफेक्ट म्हणतात, बेल्जियमच्या आंद्रे कॅलिअरने १९०९ मध्ये मांडला. थोडक्यात तीच निगेटिव्ह कंडेन्सरवर जवळजवळ एक ग्रेड हार्ड छापते. म्हणून मित्राच्या डेव्हलपिंग टाइमची नक्कल करण्याआधी त्याचा एन्लार्जर कुठला ते विचारा. एक्सपी२ सारख्या सी-४१ (रंगीत फिल्मच्या रसायनात डेव्हलप होणाऱ्या) फिल्मला हे फारसं लागू नाही, तिच्यात शेवटी चांदी उरतच नाही, डाय उरतो.

दोष फिल्मकडे की पेपरकडे

इथे बहुतेक जण घाई करतात. प्रिंट सॉफ्ट आली की लगेच "फिल्म कमी डेव्हलप झाली" असं म्हणून पुढच्या रोलला दोन मिनिटं वाढवतात, आणि खरा दोष असतो एन्लार्जरच्या लेन्सवर चढलेल्या बुरशीत. मग बुरशी कधीतरी पुसली जाते आणि वाढवलेली दोन मिनिटं तशीच राहतात, म्हणजे आता सगळं हार्ड. हे चक्र तोडायला एकच गोष्ट लागते, मापाची निगेटिव्ह.

मापाची निगेटिव्ह म्हणजे एक अशी फ्रेम जी तुमच्या एन्लार्जरवर ग्रेड २ ला नीट छापली गेलीय हे तुम्ही स्वतः बघितलंय. नसेल तर मुद्दाम काढा. कोणाला तरी बाल्कांवात (घराच्या पुढच्या ओसरीत) बसवा, अंगात पांढरा शर्ट, बाजूला काळी छत्री उघडून ठेवलेली, मागे चिऱ्यांची भिंत, आणि उजेड थेट उन्हाचा नको, अंगणातून उसळून आत येणारा हवा. पांढऱ्या शर्टाच्या चुण्या, काळ्या कापडाच्या घड्या आणि मधे माणसाची कातडी, तिन्ही एका फ्रेममध्ये मिळतात. बॉक्स स्पीडच्या (फिल्मच्या डब्यावर छापलेल्या स्पीडच्या) अर्ध्या ते एका स्टॉपने जास्त एक्स्पोजर द्या म्हणजे छत्रीत नक्की काहीतरी उतरेल. चांगली प्रिंट आली की मागे पेन्सिलने सगळं लिहून ठेवा: हेडची उंची, अॅपर्चर, सेकंद, फिल्टर, पेपरचं नाव, पेपर डेव्हलपर कितीला किती, किती वेळ बुडवला. ती प्रिंट नीट धुऊन, वाळवून पाकिटात. निगेटिव्ह वेगळ्या स्लीव्हमध्ये, रोजच्या कामाला वापरायची नाही.

आता कधीही शंका आली की फिल्मबद्दल काही ठरवायच्या आधी ही निगेटिव्ह त्याच सेटिंगवर छापा आणि जुन्या प्रिंटशेजारी धरून बघा, वाळल्यावर, कारण फायबर (साध्या कागदाचा) पेपर वाळला की जरा काळवंडतोच. तशीच आली तर पेपरची बाजू साफ, दोष फिल्मकडे. नुसती फिकी किंवा गडद आली पण काळ्या-पांढऱ्यातलं अंतर तेच राहिलं तर कॉन्ट्रास्टचा प्रश्न नाही, सेकंद बदला आणि पुढे चला. पण सॉफ्ट किंवा हार्ड आली तर फिल्मला हात लावायचा नाही, दोष एन्लार्जरपासून ट्रेपर्यंत कुठेतरी आहे.

पेपरच्या बाजूला काय काय बिघडतं

गोव्यात पहिला संशय लेन्सवर. कॅमेऱ्याच्या लेन्सेस आपण सिलिका घालून डब्यात ठेवतो आणि एन्लार्जरची बिचारी वर्षभर तशीच लटकत असते, जून ते सप्टेंबर त्या दमट हवेत. अॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाईलचा टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा दुधट पापुद्रा दिसला की सापडला चोर. छापताना होतं असं की निगेटिव्हच्या पातळ भागातून जो भरपूर उजेड येतो तो धुरकट लेन्समधून सगळीकडे पसरतो आणि घट्ट भागाखाली जिथे पेपर पांढरा राहायला हवा तिथे पण थोडा पडतो, म्हणून पांढरं मळकं दिसतं. कॅरिअरच्या (निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीच्या) कडेने निसटणारा उजेड आणि एन्लार्जरमागची पांढरी भिंत पण हेच करते, भिंतीला काळा कागद चिकटवा, पाच मिनिटांचं काम.

दुसरा संशय विजेवर, आणि हा फक्त व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट (व्हीसी, मल्टिग्रेड त्यातलाच) पेपरला लागू आहे, एकाच ठरलेल्या कॉन्ट्रास्टच्या ग्रेडेड पेपरला नाही. या पेपरात आतले सगळे इमल्शन (उजेड टिपणारी मिश्रणं) निळ्या उजेडाला जवळजवळ सारखेच जागे असतात, हिरव्याला मात्र कमी-जास्त. मॅजेन्टा फिल्टर हिरवा अडवतो, नुसता निळा जातो, सगळे एकदम काळे पडतात, म्हणजे हार्ड. पिवळा फिल्टर निळा अडवतो, हिरवा जातो, आणि इमल्शन एकामागून एक उठतात, म्हणजे सॉफ्ट. आता साध्या टंगस्टनच्या ओपल बल्बचं व्होल्टेज पडलं की बल्ब पिवळट होतो, निळा सगळ्यात आधी कमी होतो. १० टक्के व्होल्टेज पडलं तर उजेड साधारण ३० टक्के पडतो, आणि मधल्या ग्रेडवर प्रिंट हळू पण येते आणि सॉफ्ट पण येते. ग्रेडेड पेपरवर हेच झालं तर फक्त सेकंद वाढतील, कॉन्ट्रास्ट तोच. म्हणजे दोन्ही पेपर घरात असतील तर ओळखणं सोपं आहे, व्हीसीवर सॉफ्ट आणि ग्रेडेडवर ठीक, तर बल्ब, व्होल्टेज किंवा फिल्टर यांच्यापैकी एक. फ्रिजचा स्टॅबिलायझर लावणारे बरेच आहेत पण तो टकटक करत पायऱ्यांनी व्होल्टेज बदलतो, मधेच एक्स्पोजर चालू असताना टक झालं की संपलं. सर्वो वाला घ्या किंवा सरळ रात्री उशिरा छापा, गावात एसी आणि पंप बंद झाल्यावर. मी रात्रीच छापतो, गारवा पण असतो.

बल्ब बदलून एलईडी टाकलाय? मग तुमचे जुने ग्रेड विसरा. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा एक उंच सुळका असतो आणि हिरवा वेगळ्याच प्रमाणात, त्यामुळे फिल्टरवरचा २ हा आता कदाचित ३ असेल. वाईट काही नाही, फक्त मापाची निगेटिव्ह परत छापून नवीन २ कुठे ते शोधा. कलर हेडने (आत रंगीत फिल्टर असलेल्या) ग्रेड धरणाऱ्यांनी पण बघा, ड्यूर्स्ट कंपनीच्याच काही हेडवर मॅजेन्टा १३० पर्यंत जातो आणि काहींवर १७०, आणि दोघांचा तक्ता वेगळा आहे. चुकीचा तक्ता भिंतीवर लावून "पेपर खराब" म्हणणारे मी बघितलेत.

फिल्टर फिके पडतात, विशेषतः मॅजेन्टाकडचे. खिडकीत धरून बघा, ४ आणि ५ मध्ये फरक जाणवत नसेल तर वरचं टोक गेलंय.

पेपर जुना असेल तर एक तुकडा अजिबात उजेड न दाखवता डेव्हलप करून फिक्स करा (फिक्सरमध्ये घाला म्हणजे पुढे उजेडात बदलत नाही), दुसरा नुसता फिक्स करा, दोन्ही शेजारी ठेवा. पहिला राखाडी दिसला तर पेपर फॉग झालाय, आणि आपल्या उकाड्यात कपाटात पडलेला पेपर तसा होतोच. अशा पेपरवर ग्रेड चढवत जाणं म्हणजे वेळ घालवणं, पांढरंच नाही तर कॉन्ट्रास्ट कुठून येणार. बेन्झोट्रायझोलचं १ टक्का द्रावण लिटरभर डेव्हलपरमध्ये १० मिली घालून बघा, थोडा फॉग दबतो आणि स्पीड पण थोडा जातो. पुढच्या वेळी पेपर झिपच्या पिशवीत फ्रिजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून काही तास थांबायचं, नाहीतर उघडल्या उघडल्या दव धरतं.

सेफलाइटचं (डार्करूममध्ये लावायच्या, पेपरला न लागणाऱ्या दिव्याचं) एक खास इथलं दुखणं. बंद पडलेल्या स्टुडिओतून लोक जुनं सामान घेऊन येतात, त्यात पिवळसर किंवा हिरवट काचेचा दिवा असतो. तो जुन्या ब्रोमाइड पेपरला चालायचा कारण तो पेपर फक्त निळा बघायचा. व्हीसी पेपर हिरवा पण बघतो, त्यामुळे तोच दिवा हळूहळू पांढरं खातो. तपासायला पेपरला आधी एन्लार्जरखाली हलका राखाडी येईल इतका उजेड द्या, मग त्यावर नाणं ठेवून सेफलाइटखाली सात-आठ मिनिटं सोडा, डेव्हलप करा, नाण्याचा गोल दिसला तर दिवा बदला. कोऱ्या पेपरवर नाणं ठेवून केलेली टेस्ट फसवते, उजेड मिळालेला पेपरच जास्त नाजूक असतो.

आणि शेवटचं ट्रेमधलं. प्रिंट पटकन काळी होतेय म्हणून २० सेकंदात ओढून काढू नका, त्याने पूर्ण काळा येतच नाही. मल्टिग्रेड डेव्हलपर १+९ ला (एक भाग डेव्हलपर, नऊ भाग पाणी) आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) पेपरला २० अंशावर एक मिनिट आणि फायबरला दोन मिनिटं, ती पूर्ण होऊ द्या आणि गडद होत असेल तर एक्स्पोजर कमी करा. ट्रेमध्ये ३० अंशाचा डेव्हलपर असेल तर फॉग वाढतो आणि द्रावण पण लवकर मरतं.

पेपर साफ असेल तर फिल्मकडे या

निगेटिव्ह खिडकीत धरा आणि आधी सावल्या बघा, मग पांढरे भाग. सावलीत काहीच नाही, नुसती स्वच्छ फिल्म, तर एक्स्पोजर कमी पडलंय, डेव्हलपिंग कितीही वाढवा तिथे काही उगवणार नाही. सावलीत तपशील आहे पण आकाश, शर्ट, भिंत पण पातळ पातळच, तर डेव्हलपिंग कमी. सावली कोरी आणि भिंत एवढी घट्ट की त्यातून वर्तमानपत्र वाचता येत नाही, तर दोन्ही गडबड, कमी एक्स्पोजर आणि जादा डेव्हलपिंग, आणि हीच आपल्याकडे मे महिन्यातली नेहमीची निगेटिव्ह आहे. कारण सरळ आहे, मीटर पांढऱ्या चुन्याच्या भिंतीकडे बघून एक्स्पोजर कमी करतो आणि २९ अंशाचं नळाचं पाणी डेव्हलपिंग वाढवतं. पणजीच्या चर्चच्या पायऱ्या किंवा मंगेशीचा दीपस्तंभ दुपारी काढलाय का, मग कळेल मी काय म्हणतोय ते.

कडेची अक्षरं आणि फ्रेमचे नंबर पण बघा. ते कंपनीने फॅक्टरीत एक्स्पोज केलेले असतात, तुमच्या मीटरशी त्यांचा संबंध नाही. ते फिके असतील तर डेव्हलपर कमी पडला, जाड आणि पसरट असतील तर जास्त झाला. एकाच ब्रँडच्या दोन रोलची तुलना करा, वेगवेगळ्या ब्रँडची नको.

तर तापमान. सगळे तक्ते २० अंशाचे आणि आपल्या नळाचं पाणी वर्षातला बराच काळ २७-२८ च्या वर. इलफोर्डचं जुनं गणित असं की २० वर ४ मिनिटं असतील तर २३ वर ३ मिनिटं, म्हणजे तीन अंशाला पाव वेळ कमी. एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११ डेव्हलपरमध्ये १+१ ला २० वर १३ मिनिटं आहे, त्याच हिशोबाने २४ वर नऊच्या जरा खाली आणि २६ वर सव्वासात येतात. आता समजा तक्ता बघून पूर्ण १३ मिनिटं केली आणि पाणी २६ वर होतं, तर जवळजवळ पावणेदोन पट डेव्हलपिंग झालं, मग ०० पण कमी पडला तर नवल काय. उलट पावसाळ्यात कोणीतरी बर्फ टाकून १७-१८ वर नेतो आणि टाइम २० चाच ठेवतो, तो पातळ.

माझं मत असं की गोव्यात २० च्या मागे लागू नका. २४ धरा, वर्षभर २४. बादलीत पाणी, त्यात बर्फाची पिशवी, त्यात डेव्हलपर-फिक्सरच्या बाटल्या आणि टँक, पंधरा मिनिटांत सगळं एका तापमानाला येतं. बर्फ मासळी बाजारातला चालेल पण पिशवीत घट्ट बांधून, बाकी वासाचं तुम्ही बघा. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, ओतण्या-काढण्यातच एवढा वेळ जातो की आकाशात पट्टे येतात. आयडी-११ किंवा डी-७६ स्टॉकमध्ये (आणखी पाणी न मिसळता) वापरत असाल तर एचपी५ ची साडेसात मिनिटं २४ वरच पाचपर्यंत येतात, म्हणून १+१ किंवा १+३ करा. १+३ ला २० वर २० मिनिटं आहेत, २६ वर पण अकरा-सव्वाअकरा मिळतात, आरामात. फक्त पातळ डेव्हलपरमध्ये मूळ द्रावण कमी असतं, म्हणून मोठ्या टँकमध्ये एकच रोल घाला. हात गरम असतात, दर मिनिटाला टँक धरून उलटी-पालटी करताना आतलं तापमान चढतं, मधल्या वेळात टँक परत बादलीत ठेवा.

ढवळणं एकसारखं ठेवा. सुरुवातीचे दहा सेकंद चार वेळा उलटं-सुलटं आणि मग दर मिनिटाला दहा सेकंद तेवढंच, बस. जास्त हलवलं की घट्ट भाग आणखी घट्ट होतात, सावल्यांना फारसा फरक पडत नाही, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढतो.

डेव्हलपरचं वय पण धरा. डी-७६ चा स्टॉक पूर्ण भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या बाटलीत दोन. गंमत म्हणजे तो नुसता मरत नाही, ठेवल्यावर काही काळ त्याचा अल्कली चढतो आणि तो आधीपेक्षा तेज होतो, म्हणजे महिनाभर ठेवलेल्या अर्ध्या बाटलीतून हार्ड निगेटिव्ह आणि नंतर कधीतरी अचानक पातळ. छोट्या छोट्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवा. स्वतः वजन करून बनवणारे असाल तर एकावेळी लिटरच बनवा: मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पावडरी दमट हवेत गठ्ठा धरतात, गठ्ठा झालेलं सल्फाइट वजनाला पाणी मोजतं, ते पण लक्षात असू द्या.

तुमचा स्वतःचा टाइम

पेपरची बाजू मापाच्या निगेटिव्हने पक्की केली, तापमान २४ ला बांधलं, आता टाइम काढायचा. रोलच्या सुरुवातीचा कोरा, डेव्हलप झालेला तुकडा कॅरिअरमध्ये घाला, फिल्टर २ लावा आणि दोन-दोन सेकंदांची टेस्ट स्ट्रिप काढा. जिथे पट्ट्यांमधला फरक दिसेनासा होतो तो पहिला पूर्ण काळा, तेवढे सेकंद हा तुमचा मूळ टाइम, त्या उंचीला आणि त्या अॅपर्चरला. आता त्याच सेकंदांवर, काही न बदलता, साध्या उजेडातली एक फ्रेम छापा. सावलीतला तपशील बुडाला तर फिल्मला एक्स्पोजर वाढवा, म्हणजे ४०० ची फिल्म २०० किंवा २५० ला धरा. सावली ठीक पण पांढरा शर्ट राखाडी, तर डेव्हलपिंग २० ते ३० टक्के वाढवा. शर्ट कोरा कागद झाला तर १५ ते २० टक्के कमी करा. एका वेळी एकच बदल. दोन-तीन रोलमध्ये टाइम बसतो, आणि तो छापील तक्त्याशी जुळला नाही तर तक्ता बाजूला ठेवा, तक्ता बनवणाऱ्याने तुमचा एन्लार्जर बघितलेला नाही.

टाइम एक नको, दोन हवेत. जुलैमध्ये खाजनातली (खाडीकाठच्या बांधातली) शेतं किंवा मांडवीवरच्या फेरीबोटीचे फोटो काढाल तेव्हा सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ यात चार-पाच स्टॉपचाच फरक असतो, तो रोल नेहमीपेक्षा २५ टक्के जास्त डेव्हलप करा. मे च्या दुपारचा रोल एक स्टॉप जास्त एक्स्पोज करून २० टक्के कमी. अॅडम्स आणि आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांची झोन सिस्टिम (दृश्यातल्या फरकाप्रमाणे एक्स्पोजर आणि डेव्हलपिंग ठरवायची पद्धत) हीच, १९३९-४० ची, फक्त त्यांच्याकडे शीट फिल्म होती, प्रत्येक फ्रेमला वेगळा टाइम देता यायचा. ३६ फ्रेमच्या रोलवर अर्धी सकाळची दाट झाडी आणि अर्धी दुपारची भिंत असली की मधला टाइम द्यायचा आणि उरलेलं काम व्हीसी पेपरवर सोडायचं, त्यासाठीच तो आहे. बल्क रोलमधून (लांब सुट्ट्या फिल्ममधून) १५-१५ फ्रेमचे तुकडे भरणारे लोक शहाणे.

ग्रेडेड पेपरवाल्यांचं

कोणाकडे अजून जुनी पाकिटं आहेत, इंदूची, अॅग्फा ब्रोविराची, नॉर्मल आणि हार्ड लिहिलेली. त्यांना एकच सांगणं, एका कंपनीचा ३ म्हणजे दुसऱ्या कंपनीचा ३ नव्हे, ग्रेडचे नंबर सगळ्यांनी आपापले ठरवले होते. पाकिटातला एक कागद मापाच्या निगेटिव्हवर घालवा आणि पाकिटावर स्वतःचा नंबर लिहा. जुना ग्रेडेड पेपर वर्षांनुवर्षं पडून सॉफ्ट झालेला असतो, म्हणून हार्डचं पाकीट आज नॉर्मल निघालं तर टाकून देऊ नका, तेच तुमचं कामाचं पाकीट. आणि एकाच ग्रेडचा पेपर मिळत असेल तर फिल्म त्या पेपरला जुळवावी लागते, उलटं होत नाही. फक्त ३ मिळत असेल तर सगळे रोल १५ टक्के कमी डेव्हलप करा आणि गप्प छापत रहा. ट्रे डेव्हलपरने अर्धी ग्रेड इकडेतिकडे होते, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

आधीच बिघडलेल्या निगेटिव्ह असतील तर: पातळ पण सावलीत तपशील असलेली निगेटिव्ह सेलेनियम टोनरमध्ये, १+३ च्या आसपास, काही मिनिटं ठेवली की साधारण एक ग्रेड मिळते. आधी फिक्स आणि धुणं पूर्ण झालेलं हवं, हातमोजे घाला आणि खिडकी उघडा, ते विष आहे. खूप घट्ट आणि हार्ड असेल तर लोक लगेच फार्मर्स रिड्युसर (चांदी काढून निगेटिव्ह पातळ करणारा) काढतात, १८८३ चं औषध, हायपो (फिक्सरमधलं रसायन) आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, पण तो सावलीतलं आधी खातो, म्हणजे कॉन्ट्रास्ट उलटा वाढतो. सगळीकडून सारखाच धुरकट झालेल्या निगेटिव्हला तो चालतो, मे महिन्यातल्या भिंतीला नाही. तिला ०० आणि ५ असे दोन एक्स्पोजर वेगवेगळे देऊन छापा, आधी ०० वर भिंतीत काहीतरी येईपर्यंत, मग ५ वर दारातला काळा धरेपर्यंत, आणि तरी भिंत कोरीच राहिली तर पेपरला आधी फ्लॅश करा, म्हणजे निगेटिव्ह न घालता इतका थोडा उजेड की एकट्याने तो दिसणार नाही. टेस्ट स्ट्रिपवर राखाडी दिसायच्या आधीची पायरी घ्या, पेपर बदलला की ती परत शोधावी लागते.